सदतीस मार्कांचे मास्तर

सोळाव्या वर्षी मी जबलपुरातली एकमेव पियानो-पारखी होते. एकमेव अशासाठी, की उन्हाळा होता आणि ज्यांना खरंच काही कळत होतं त्या सगळ्या मडमा पचमढीला गेल्या होत्या. मागे उरलो आम्ही तिघं. क्लबचे सेक्रेटरी साहेब, ज्यांचे कान आधीच्या लढाईत तोफांनी खाऊन टाकले होते. माझे बाबा, जे त्याच क्लबात हेडक्लार्क होते आणि ज्यांना टाइपरायटर सोडून दुसरं कुठलंही वाद्य वाजवता येत नव्हतं. आणि मी. माझ्याकडे ननांच्या शाळेतलं, पियानोच्या तिसऱ्या परीक्षेचं सर्टिफिकेट होतं. बाबांनी ते काचेत बसवून बैठकीत गणपतीशेजारी टांगलं होतं. गणपती जरा खाली होता.

तेव्हा दुसरी लढाई चालू होती. सिविल लाइंसमधल्या त्या क्लबात दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सात चहा आणि नाच असायचा. दवाखान्यातून बरे होत आलेले गोरे सोजीर यायचे, नर्सा यायच्या, रेल्वे कॉलनीतल्या पोरी फुलाफुलांचे फ्रॉक घालून यायच्या. बँडमध्ये एक ढोलवाला होता, एक पितळी बाजावाला होता, आणि पियानोवाला होता तो फौजेत भरती होऊन निघून गेला होता. जागा रिकामी. क्लबच्या दारावर चिठ्ठी लावली, तर दोघं जण आले. आता त्या दोघांतून एक निवडायचा कोणी? साहेबांना ऐकू येत नव्हतं आणि साहेबांची मडम डोंगरावर.

बाबा घरी आले ते कोट न काढताच बोलायला लागले. आमचं घर कमानिया गेटच्या मागच्या गल्लीत. त्या दिवशी गेटपासूनच बाबा पळत आले असावेत.

"साहेब म्हणाले, तुमची मुलगी पियानो शिकते ना, बाबू? तिला आणा. ती ऐकेल, मार्क देईल. जास्त मार्क ज्याला, नोकरी त्याला."

आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"अन् हिला काय कळून राहिलं त्यातलं?"

"अगं, तिसरी परीक्षा पास आहे ती."

"स्वैपाकाची पहिली व्हायची आहे अजून."

पण मी कुठे ऐकत होते? साहेबांनी असंही म्हटलं होतं, की काम नीट झालं तर मला क्लबच्या पियानोवर रोज एक तास सराव करू देतील. घरी माझ्याकडे पियानो कुठला असणार. शाळेत आठवड्यातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं मिळायची, बाकीचे दिवस मी ट्रंकेच्या झाकणावर बोटं नाचवायचे. ट्रंकेवर मी फार उत्तम वाजवायचे. एक सूर चुकायचा नाही.

रात्रीच बसून मी मार्कांचा तक्ता आखला. लाल शाईने रेघा, निळ्या शाईने अक्षर. बैठक वीस, मनगट वीस, कागद वाचून वाजवणे वीस, वेग वीस, ताल वीस. झाले शंभर. हे सगळं ननांकडून उचललेलं. आमच्या नन पाठीमागे उभ्या राहून पट्टीने कणा तपासायच्या, आणि हाताच्या पालथ्या बाजूवर एक पैसा ठेवून सूर चढायला-उतरायला लावायच्या. पैसा पडला की पुन्हा पहिल्यापासून. मला वाटायचं, जगातला मोठ्यात मोठा पियानोवाला तो, ज्याचा पैसा जन्मात पडला नाही. म्हणून मी तक्त्याबरोबर रुमालाच्या गाठीत एक पैसाही बांधून घेतला. आज आठवलं की मला त्या पोरीच्या दोन वेण्या धरून ओढाव्याशा वाटतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही हॉलमध्ये. वाळ्याच्या ताट्यांवर माळी पाणी मारत होता. सागवानी फळ्यांची जमीन, त्यावर कोपऱ्यात पियानो, आणि लाकूड उन्हाने तडकू नये म्हणून पियानोच्या पोटाखाली पाण्याचं घमेलं. त्या पियानोचा मधल्या सप्तकातला एक सूर मुका होता. उंदरांनी आतला नमदा, म्हणजे हातोडीवरची लोकरीची गादी, कुरतडला होता. ती पट्टी दाबली की सूर नाही, नुसतं टॉक. साहेब कामात होते, ते आलेच नाहीत. बाबा दाराशी उभे आणि मी साहेबांच्या खुर्चीवर, पाय जमिनीला टेकत नाहीत अशी.

पहिला आला तो कलकत्त्याचा तरुण. बहिणीकडे रेल्वे कॉलनीत उतरलेला. केसांना चमकदार तेल, कातडी बॅगेत छापील कागदांची चळत, बाबांच्या हातात व्हिजिटिंग कार्ड. बसला तो भिंतीसारखा सरळ. मी गाठ सोडून पैसा काढला आणि त्याच्या पालथ्या हातावर ठेवला. तो बिचारा गोंधळला, पण परीक्षा म्हणजे परीक्षा. त्याने वॉल्ट्झ वाजवला, फॉक्सट्रॉट वाजवला, आणि पैसा हातावर झोपून राहिला. मुका सूर आला की टॉक व्हायचं, तो पियानोकडे रागाने बघायचा, आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच पट्टीवर जाऊन टॉक. कारण कागदावर तोच सूर लिहिलेला होता. मी खूश. याला म्हणतात शिस्त. शंभरातले एक्याण्णव.

दुसरे आले ते बायोस्कोपवाले मास्तर. त्यांना अख्खं शहर ओळखत होतं. सिनेमे मुके होते तेव्हा हे पडद्याखाली अंधारात बसून पियानो वाजवायचे. घोडे पळाले की यांची बोटं पळायची, नायिका रडली की पियानो रडायचा. मग बोलपट आले आणि यांचं काम एका हप्त्यात संपलं. तेव्हापासून बाजाच्या पेट्या दुरुस्त करणं, दोन-चार पोरांना शिकवणं, असं चाललेलं. मूळचे गोव्याचे. बाबा सकाळीच म्हणाले होते, "त्यांच्या भावाने बोलावून घेतलंय गोव्याला. नारळाचा धंदा आहे त्याचा. क्लबचं जमलं तर इथे राहतील, नाही तर पंधरवड्यात जातील. मला म्हणाले, बाबूजी, भाई के घर में सब कुछ है, पियानो नहीं है."

हे मला माहीत होतं. माहीत असून मी तो पैसा पुढे केला.

मास्तर तिरपे बसले होते, एक पाय बाहेर काढून, टांग्याच्या मागच्या बाकावर बसतात तसे. त्यांनी आधी अंगठा सगळ्या पट्ट्यांवरून डावीकडून उजवीकडे एकदा फिरवला. मग पैशाकडे पाहिलं. मी तो त्यांच्या हातावर ठेवला. पहिल्या दोन सुरांतच तो उडाला आणि गडगडत घमेल्यात पडला.

"बिटिया," ते म्हणाले, "सिक्का संभालूँ कि गाना?"

मनगट, शून्य.

मी त्यांना सुरांचा छापील कागद दिला. त्यांनी एक नजर वरून खाली टाकली, कागद उलटा करून ठेवून दिला आणि वाजवायला लागले. मला वाटलं, वाचता येत नसेल, लपवतात. तरी दया म्हणून बारा दिले. त्यांचा डावा हात पाहून तर मला घामच फुटला. खाली जाड सुरावर पडायचा, तिथून टुणकन उडी मारून मधे यायचा, पुन्हा खाली. आमच्या नन म्हणायच्या, हात मांजरीसारखा शांत हवा. हा हात माकडासारखा झाडावरून झाडावर. मधेच ते काळी आणि तिच्या शेजारची पांढरी अशा दोन्ही पट्ट्या एकदम चिरडायचे. मी समासात लिहिलं, "बोट घसरते, चौदा वेळा." चौदा वेळा एकाच ठिकाणी बोट घसरणं किती कठीण असतं, हे त्या पारखीच्या डोक्यात आलं नाही.

मग मी म्हटलं, तेच पुन्हा वाजवा. त्यांनी वाजवलं, तर दुसरंच काहीतरी निघालं. गाणं तेच, पण नवीन वाटेने गेलेलं. मी लिहिलं, "पहिल्यासारखे दुसऱ्यांदा जमले नाही." अहो, आमच्याच घरी, एखादा गवई आला आणि एकच ओळ त्याने सात वेळा सात तऱ्हांनी म्हटली, की बाबा मांडीवर थाप मारायचे आणि मीही मान डोलवायचे. पण ते गाणं. हा पियानो. पियानोत छापलेलं असतं.

सगळ्यात मोठं पाप केलं ते तालात. मी मांडीवर टाळी देत होते, आपली भजनातली, एकवर टाळी, तीनवर खाली. आणि मास्तरांचा पाय पडत होता दोनवर आणि चारवर. मी टाळी द्यायचे तेव्हा त्यांचा बूट हवेत, मी हात सोडायचे तेव्हा बूट जमिनीवर. मी चार वेळा मोजलं. पाचव्यांदा माझी खात्री झाली आणि मी बाबांना मोठ्याने, मराठीत, म्हणजे त्या गोव्याच्या माणसाला कळू नये म्हणून मराठीत, सांगितलं,

"बाबा, यांना ताल नाही. समेवर कधी येतच नाहीत. सगळं उलटं."

मास्तरांचे हात एक क्षण थांबले. मग त्यांनी गाणं पुरं केलं, झाकण लावलं आणि म्हणाले, "थँक यू, मिस."

बैठक सात, मनगट शून्य, वाचन बारा, वेग अठरा, ताल शून्य. एकूण सदतीस.

तक्ता बाबांनी साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब खूश झाले, इतका स्वच्छ तक्ता त्यांनी फौजेतही पाहिला नव्हता. ठरलं असं, की कलकत्तेवाल्याने येत्या शनिवारी वाजवायचं आणि सोमवारी त्याला नेमणुकीचं पत्र द्यायचं. आणि बाबांनी, त्यांच्या भोळेपणाला काय म्हणावं, मास्तरांना निरोप धाडला, की शनिवारी येऊन पियानोचा मुका सूर तेवढा दुरुस्त करून द्या.

शनिवारी आई आमच्याबरोबर आली. "इतक्या सोजिरांत पोरगी एकटी नाही जाणार," म्हणून तिने नऊवारीवर चादर ओढली आणि टांग्यात बसली. क्लबात ती हॉलमध्ये पाऊल टाकायला तयार नव्हती. मागच्या व्हरांड्यात, ताटीच्या फटीतून आतलं दिसेल अशा जागी तिने बसकण मारली, शेजारी पन्ह्याची सुरई. मी तिच्याजवळ उभी, गळ्यात सर्टिफिकेट टांगल्यासारखी.

पाच वाजले. कलकत्तेवाल्याने सुरुवात केली. सूर स्वच्छ, एकेक सुटा, टॉकसुद्धा वेळच्या वेळी. चार जोड्या उठल्या, तीन फेऱ्या मारून बसल्या. दुसऱ्या गाण्याला दोन उठल्या. पितळी बाजावाला एकदा जरा उशिरा आला, तर पियानो त्याच्यासाठी थांबला नाही, कागदाच्या मागे निघून गेला. ढोलवाला काठ्या हातात धरून, रस्ता ओलांडायला उभा असलेल्या माणसासारखा, इकडे बघ तिकडे बघ.

"काहून वं," आई म्हणाली, "हे सगळे बसून काहून राहिले?"

"ऐकतायत, आई."

"ऐकून नाही राहिले. बिस्किटं मोजून राहिले."

तेवढ्यात व्हरांड्याच्या पायऱ्यांवर मास्तर. हातात अवजारांचा डबा, खिशात नमद्याचा तुकडा. मला पाहून टोपी काढली. आईने पन्ह्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो पिऊन तोंड पुसलं आणि आईला म्हणाले,

"बाय, तुज्या धुवेन म्हाका सदतीस मार्क दिले."

धूव म्हणजे लेक, एवढं मलाही कळलं, आणि आकडा तर माझाच. मास्तर माझ्याकडे बघून हसत होते. "मराठी म्हाका कळटा गो. आनी तुजो तो तक्तो उलटोय वाचूंक येता. पडद्याखाली बसून आयुष्य गेलां."

"सदतीस?" आई माझ्याकडे वळली. "ते कसे?"

खोटं बोलायला जागा नव्हती. मी म्हटलं, "ताल नाही म्हणून."

मास्तरांनी वाद घातला नाही. डब्याचं झाकण लावलं, पायाने एक-दोन-तीन-चार चालू केलं, आणि दोनला आणि चारला झाकणावर बोटाने टिचकी मारली. आई ऐकत राहिली. तिची मान त्या टिचकीवर हलायला लागली.

"अगं बाप्पा," ती म्हणाली, "भुलाबाईच्या टिपऱ्या कधी खेळली का तू? आपली टिपरी वाजते अन् मधे समोरचीची वाजते. आपलीच ऐकत बसली, तर समोरचीचा घाव चुकतो. हे समोरचीची वाजवून राहिले. ताल नाही काय म्हणते, तालाशी खेळून राहिला तो माणूस, अन् तू बसली मार्क देत."

मास्तर म्हणाले, "तेंच."

आत चहाची सुट्टी झाली. कलकत्तेवाला लेमोनेड प्यायला बाहेरच्या बागेत गेला. मास्तर डबा घेऊन आत गेले, पियानोचं पुढचं फळकूट काढलं, नमदा कातरून चिकटवला. पाच-सात मिनिटं काही नाही, नुसत्या कपबश्यांचा आवाज. मग त्यांनी बसवलेला सूर तपासला. एकदा. मग त्याच्या शेजारचा. मग तो बसवलेला सूर मधे धरून त्याच्याभोवती एक चक्कर मारली, मुलीला नवीन परकर शिवला की तिला गोल फिरवून बघतात तशी. आणि मग डावा हात आला.

खाली जाड सूर, वर उडी, खाली, वर. ढोलवाल्याच्या तोंडात बिस्कीट होतं. ते तसंच ठेवून त्याने काठ्या उचलल्या. बाजावाला चहा टाकून धावला, उशिरा आला, आणि पियानो त्याच्यासाठी थांबला. थांबला म्हणजे बंद पडला नाही. दोन-चार सूर इकडेतिकडे घुटमळला, आणि तो आल्यावर दोघं बरोबर निघाले. एक नर्स उठली. तिच्यामागे तीन. पायाला प्लास्टर बांधलेला एक लालबुंद सोजीर खुर्चीवरून कुबडी जमिनीवर आपटायला लागला, दोनला, चारला. रेल्वेच्या पोरींचे फ्रॉक पंख्यासारखे फिरायला लागले. मागच्या बाजूने खानसामा ट्रे घेऊन आला तो ट्रेसकट झुलत होता. सागवानी फळ्या थरथरत होत्या, टेबलावरच्या बश्या किणकिणत होत्या, माळ्याने बाहेर बादली खाली ठेवली होती आणि तो खिडकीतून बघत होता. पियानोखालच्या घमेल्यातल्या पाण्यावरसुद्धा रेषा उमटत होत्या.

आणि मी. मी ताटीच्या आतल्या बाजूला येऊन उभी होते, टाळी द्यायला जात होते आणि माझा हात माझ्याच हाताला सापडत नव्हता. तेच गाणं होतं ते, त्या दिवसाचं. आता तिसऱ्यांदा तिसऱ्या वाटेने चाललं होतं. त्या चिरडलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या माझ्या कानाला पहिल्यांदा नीट ऐकू आल्या: गवई दोन सुरांच्या मधल्या फटीत जाऊन बसतो ना, ती फट पियानोला नसते. म्हणून मास्तर दोन्ही दारं एकदम ढकलत होते. डावा हात म्हणजे अख्खा तबलेवाला होता. आणि मला आठवलं, परीक्षेच्या दिवशी त्यांच्या वाजवण्यात एकदाही टॉक आला नव्हता. अंगठा फिरवला तेव्हाच त्यांनी मुकी पट्टी ओळखली आणि पुढे दोन्ही वेळा तिला वळसा घालून गेले. तक्त्यात याला रकानाच नव्हता.

आता मला कोणी विचारलं ना, तर मी सांगेन, पियानोवाल्याची परीक्षा चांगल्या पियानोवर घेऊ नका. मोडका द्या. सोबत चुकणारा बाजावाला द्या. आणि वेगवान गाणं नको, सावकाश गाणं वाजवायला सांगा. वेगात सगळ्यांचीच पापं झाकली जातात. पण हे आताचं शहाणपण. तेव्हा मला उगाच खूप हसू येत होतं.

तेवढ्यात साहेब आले. हातात माझा तक्ता. हॉलभर नाच बघून त्यांच्या मिशा उभ्या राहिल्या होत्या. बाबा त्यांच्या मागे. साहेब ओरडूनच बोलायचे, बहिरी माणसं बोलतात तसे.

"शाब्बास, मिस. तुमचा नंबर एक फारच उत्तम आहे. एक्याण्णव कमीच दिलेत. मी सही करतोय."

परीक्षेला साहेब नव्हतेच. पियानोवर बसलेला माणूस कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं. गप्प बसले असते तर तक्ता सांभाळला जात होता, रोजचा एक तास सांभाळला जात होता, काचेतलं सर्टिफिकेट गणपतीच्या वरच राहत होतं. आणि सोमवारचं पत्र कलकत्तेवाल्याच्या नावाने निघालं असतं.

आईने मागून ताटीतून बोट घालून माझ्या पाठीत टोचलं.

"बोल."

मी तोंड साहेबांच्या कानाशी नेलं आणि ओरडले, "सर, हा नंबर दोन आहे."

साहेबांनी चष्मा लावून तक्ता वाचला. "नंबर दोनला तर सदतीस आहेत. तालात शून्य."

"तक्ता चुकला, सर."

"तक्ता कोणी केला?"

"मी."

"मग चुकला असं कोण म्हणतं?"

आता काय सांगणार? मी म्हटलं, "माझी आई."

बाबांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी आईला बोलवायला सांगितलं. आई चादर सावरत आली, उंबऱ्याशी थांबली, चपला काढल्या आणि त्या नाचाच्या हॉलमध्ये, सोजिरांच्या आणि फ्रॉकांच्या मधून, अनवाणी चालत साहेबांसमोर येऊन उभी राहिली. संगीत चालूच होतं.

साहेबांनी विचारलं, "मॅडम, तुम्हाला पियानोतलं कळतं?"

बाबांनी मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "नाही कळत. त्यांना सांगा, पहिला वाजवत होता तेव्हा सगळे खुर्चीवर बसून होते. हा वाजवून राहिला तर एक माणूस शांत बसला नाही. अन् त्यांना म्हणावं, तुमचा पाय बघा."

बाबांनी फक्त पहिली दोन वाक्यं साहेबांच्या कानाशी इंग्रजीत ओरडून सांगितली.

"पायाचं सांगा ना," आई म्हणाली.

"अगं, साहेब आहेत ते."

"म्हणूनच सांगा."

बाबांनी कसंबसं सांगितलं. साहेबांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा बूट सागवानी फळीवर पडत होता. कानांनी ज्यांना पियानो ऐकू येत नव्हता त्यांना जमीन सांगत होती, आणि बूट पडत होता बरोबर दोनवर आणि चारवर. साहेब बराच वेळ स्वतःच्या बुटाकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. मग खिशातून पेन काढून माझ्या तक्त्यावर आडवी रेघ मारली आणि बाबांना म्हणाले, "नंबर दोन. सोमवारी पत्र."

कलकत्तेवाला तोपर्यंत बागेतून आला होता. लेमोनेडचा पेला हातात घेऊन तो पियानोपाशी उभा होता आणि मास्तरांचा डावा हात बघत होता. रागावलेला नव्हता. गाणं संपलं तेव्हा त्याने त्यांना ती उडी पुन्हा सावकाश करून दाखवायला सांगितली. त्याला मी उगीचच एक्याण्णव देऊन बिघडवायला निघाले होते.

परत जाताना टांग्यात दाटीने बसलो. आईच्या मांडीवर रिकामी सुरई. बडा फुहारा चौक आला, तिथल्या गर्दीत टांगा अडला, तेव्हा बाबांनी विचारलं.

"सोमवारी पत्र टाइप करायचं आहे. त्यांचं नाव काय?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. कलकत्तेवाल्याचं कार्ड बाबांच्या खिशात होतं. मास्तरांना सगळं शहर बायोस्कोपवाले मास्टरजी म्हणायचं, बाबाही तेच म्हणायचे. आणि मी त्यांना पाच रकान्यांत मार्क दिले होते, बोट किती वेळा घसरलं ते मोजलं होतं, पण डोक्यावर लिहिलं होतं फक्त "नंबर दोन".

"उद्या जाऊन विचारून ये," आई म्हणाली. "तूच जा."

रविवारी ते चर्चमधून परतले असतील असा अंदाज घेऊन मी त्यांच्या दारात उभी राहिले. दोन खोल्यांचं घर. आत त्यांची बायको होती, आणि भिंतीशी दोरीने आवळून बांधलेल्या दोन ट्रंका. मास्तर दाराशी आले. मी म्हटलं, साहेबांनी तुम्हाला ठेवलंय, पत्रात घालायला नाव पाहिजे. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं. मग मला खुर्ची दिली आणि नाव सांगितलं. चार शब्दांचं होतं. पहिल्यांदा मी दोन ठिकाणी चुकले. त्यांनी बोट ठेवून चुका दाखवल्या आणि मी पुन्हा लिहिलं.

"आता वाच," ते म्हणाले.

मी चारही शब्द मोठ्याने वाचले. आत त्यांच्या बायकोने ट्रंकेची दोरी सोडायला घेतली होती.